यंत्राची साक्ष आणि दुभाषा वकील

संगणकशास्त्र आणि कायदा या दोन विद्यांचा एकत्र अभ्यास करून दोन्ही पदव्या मिळवाव्या, हा विचार अलीकडे आपल्याकडील सुशिक्षित कुटुंबांत ऐकूं येतो. गिरगांवांत किंवा दादरला एखाद्या घरीं बारावीचा निकाल लागला, म्हणजे वडील मंडळींत दोन पक्ष पडतात. मुलगी गणितांत हुषार आहे, तेव्हां तिनें अभियंता व्हावें, असें एकाचें म्हणणें. तिचें बोलणें मुद्देसूद आहे, तेव्हां तिनें वकिली करावी, असें दुसऱ्याचें. दोन्ही एकदम शिकतां येईल असें त्या मुलीनेंच सुचविलें, तर मात्र दोन्ही पक्ष एक होतात आणि दोन दगडांवर पाय ठेवूं नये असें तिला बजावतात. या उपदेशाला कितपत मान द्यावा हें ठरविण्यापूर्वीं आपल्याच शहराच्या इतिहासाकडे थोडें वळून पाहणें उपयुक्त होईल.

मुंबईंत कायद्याचें पद्धतशीर शिक्षण १८५५ सालीं सुरू झालें. १८५७ सालीं विद्यापीठ स्थापन झालें आणि १८६२ सालीं उच्च न्यायालय. आज ओव्हल मैदानावरून पाहिलें असतां विद्यापीठाचा राजाबाई मनोरा आणि उच्च न्यायालयाची इमारत एकमेकांच्या शेजारीं उभीं असलेलीं दिसतात. हीं दोन्ही बांधकामें १८७८ च्या नोव्हेंबरांत पुरीं झालीं. इतकें सान्निध्य असूनहि गणिताचा वर्ग आणि कायद्याचा वर्ग यांची गांठ विद्यापीठानें घालून दिली नाहीं. आधीं एक पदवी घ्यावी, मग दुसरी घ्यावी, आणि दोहोंमधील सांधा ज्याचा त्यानें आपल्या बुद्धीनें जोडावा, असाच प्रघात पडला.

हा सांधा ज्यांनीं स्वतःच्या बळावर जोडला, त्यांत बाळ गंगाधर टिळकांचें नांव पहिल्यानें घ्यावें लागेल. पुण्याच्या डेक्कन कॉलेजांतून गणित विषय घेऊन ते पहिल्या वर्गांत बी. ए. झाले, आणि १८७९ सालीं त्यांनीं एल्‌एल्‌. बी. ची पदवी मिळविली. १८९३ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'ओरायन' या त्यांच्या ग्रंथांत नक्षत्रांच्या स्थितीवरून वेदकाळ ठरविण्याचा प्रयत्न आहे. त्यांतील सिद्धांत कोणी मानो वा न मानो. गणित मांडण्याची आणि पुरावा पारखण्याची, अशा दोन्ही संवयी तेथें एकाच वेळीं कामाला लागल्या आहेत, हें कोणाच्याहि लक्षांत येईल.

परंतु आपल्या विषयाला अधिक जवळची गोष्ट पुढेंच घडली. १९०८ च्या जुलैंत मुंबईच्या उच्च न्यायालयांत टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला. ज्या लेखांबद्दल खटला होता ते मराठी. ज्यूरींत मात्र सात युरोपियन आणि दोन पारशी. त्यांच्या हातीं लेख आले ते इंग्रजी भाषांतराच्या रूपानें. टिळकांनीं आपला बचाव स्वतःच केला. सरकारी भाषांतरांतील शब्दांना त्यांनीं हरकत घेतली आणि मूळ शब्दांचा भाव इंग्रजींत कसा बदलला आहे, हें दाखविण्याचा प्रयत्न केला. ज्यूरीनें सात विरुद्ध दोन मतांनीं त्यांना दोषी ठरविलें. त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली, आणि मुंबईच्या गिरण्यांतील कामगारांनीं सहा दिवस काम बंद ठेवून आपला निषेध नोंदविला. या खटल्यानें एक प्रश्न कायमचा मागें ठेवला आहे. जें मूळ न्याय देणाऱ्याला वाचतां येत नाहीं, त्याच्या भाषांतरावर माणसाचें स्वातंत्र्य अवलंबून असेल, तर तें भाषांतर तपासावें कोणीं?

दोन विद्या जोडण्यास किती मोल पडतें, याचें उदाहरण परळनें पाहिलें आहे. तेथील चाळींत राहिलेल्या डॉ. भीमराव आंबेडकरांनीं लंडनमध्यें एकीकडे अर्थशास्त्र आणि दुसरीकडे ग्रेज इन येथें बॅरिस्टरीचा अभ्यास, असे दोन मार्ग एकाच काळांत धरले होते. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळें १९१७ सालीं त्यांना परतावें लागलें. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजांत शिकवून ते १९२० सालीं पुनः गेले, आणि १९२३ पर्यंत त्यांनीं दोन्ही अभ्यास पुरे केले. पुढें १९३५ सालीं ते मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य झाले. असामान्य पुरुषानें ही कसोटी पार केली, हें खरें. पण प्रत्येक विद्यार्थ्याला तीच कसोटी लावावी, असें कोणी म्हणणार नाहीं.

आतां यंत्राकडे वळूं. आज कुलाब्यास असलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेनें भारतांतच रचलेला 'टिफ्रॅक' हा संगणक १९६० सालीं सुरू केला. त्या वेळीं तो शास्त्रज्ञांच्या आंकडेमोडीचें साधन होता. न्यायालयाशीं त्याचा कांहीं संबंध येईल असें कोणाला वाटण्याचें कारण नव्हतें. पुढें बँकेची खातेवही, रेल्वेचें आरक्षण, घरच्या पत्रव्यवहाराची जागा, सर्वच त्यानें व्यापलें. जेथें व्यवहार, तेथें तंटा. आणि जेथें तंटा, तेथें पुरावा. १८७२ चा पुराव्याचा कायदा कागद आणि साक्षीदार डोळ्यांपुढें ठेवून लिहिलेला होता. १७ ऑक्टोबर २००० रोजीं माहिती तंत्रज्ञानाचा कायदा अमलांत आला, आणि त्यानें या जुन्या कायद्यांत संगणकीय नोंदींसाठीं नवीं कलमें घातलीं.

अडचण कोठें आहे, तें पाहा. यंत्राच्या पोटांत सारें एक आणि शून्य या दोनच चिन्हांत सांठविलेलें असतें. न्यायाधीशांपुढें येतो तो त्याचा कागदावरील उतारा, किंवा पडद्यावरील चित्र. म्हणजे एका अर्थीं तेंहि भाषांतरच होय. यंत्राचें घड्याळ चुकीचें लागलें असेल, मधला मजकूर गळला असेल, एकाच्या नांवानें दुसऱ्यानेंच निरोप पाठविला असेल. नुसत्या उताऱ्यावर यांतलें कांहींच दिसत नाहीं.

जालना मतदारसंघाच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीचा वाद असाच निघाला. उमेदवारी अर्ज मुदतींत दाखल झाला होता कीं नाहीं, याचा पुरावा निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरींतील चित्रीकरणांत होता. पण त्याच्या नकलेसोबत लागणारें प्रमाणपत्र मागूनहि मिळेना. सर्वोच्च न्यायालयानें १४ जुलै २०२० रोजीं निकाल दिला, कीं मूळ यंत्र हजर केलें नसेल तर असें प्रमाणपत्र आवश्यक आहे. मात्र पक्षकारानें शक्य तें सर्व करूनहि तें मिळालें नाहीं, तर त्याला सूट देतां येईल. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेला साक्ष अधिनियम आणखी एक पाऊल पुढें गेला. आतां प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत: एक नोंद सादर करणाऱ्यानें भरावयाचा, दुसरा तज्ज्ञानें. शिवाय त्यांत नोंदीचा 'हॅश' लिहावा लागतो. हॅश म्हणजे संबंध नोंदीवर ठराविक गणिती क्रिया करून निघणारा अंकाक्षरांचा ठसा. मूळांतील एक अक्षर जरी बदललें, तरी ठसा निराळा उमटतो. गणित आतां कायद्याच्या शेजारीं उभें नसून त्याच्या पोटांत शिरलें आहे.

कोणी म्हणेल, यासाठीं तज्ज्ञ बोलावतां येतो. वकिलानें स्वतः यंत्रविद्या शिकण्याचें काय कारण? तज्ज्ञ उत्तर देईल, हें खरें. पण त्याला प्रश्न कोणीं विचारावे? भाषांतराला हरकत घेण्यासाठीं दोन्ही भाषा यावयास पाहिजेत, हें १९०८ च्या खटल्यानें दाखवून दिलें आहे.

परळ-लालबागच्या लोकांना ही चर्चा दूरची वाटण्याचें कारण नाहीं. १८ जानेवारी १९८२ रोजीं सुरू झालेल्या संपानंतर एकामागून एक गिरण्या बंद पडल्या. त्यांतील कामगार आणि वारस यांच्यासाठीं म्हाडानें २०१२ पासून घरांच्या संगणकीय सोडती काढल्या. ज्या कुटुंबाच्या डोक्यावर छप्पर येणें न येणें यंत्राच्या निवडीवर अवलंबून आहे, त्याला ती निवड कशी झाली हें विचारण्याचा हक्क असलाच पाहिजे. आणि तो प्रश्न नेमक्या शब्दांत मांडणारा माणूस त्याला आपल्याच वस्तींत मिळाला, तर त्याहून बरें काय?

अभियांत्रिकीचीं चार आणि कायद्याचीं तीन मिळून सात वर्षें होतात. देशांतील कांहीं विद्यापीठांनीं हा जोडअभ्यास सहा वर्षांचा केला आहे. वांचतें तें एक वर्ष. पण खरा लाभ तो नव्हे. सकाळीं यंत्राची रचना शिकावी आणि दुपारीं त्याच यंत्राची उलटतपासणी कशी घ्यावी याचा विचार करावा, यांत खरा लाभ आहे. तसें न होतां दोन अर्धवट विद्या एका दोऱ्यांत ओंवल्या, तर दोन पदव्यांच्या कागदांपलीकडे विद्यार्थ्याच्या हातीं कांहीं पडणार नाहीं. म्हणून पालकांनीं महाविद्यालयाला पहिला प्रश्न विचारावा तो हा, कीं येथें दोन्ही विषयांचे शिक्षक एकाच वर्गांत कधीं एकत्र येतात काय?

त्याचें उत्तर समाधानकारक आलें, तर गणितांत हुषार आणि बोलण्यांत मुद्देसूद असलेल्या त्या मुलीला वडील मंडळींनीं खुशाल जाऊं द्यावें.