परवाना, हजेरी आणि कुंपण

बेथलेहेमहून यरुशलेम अवघे आठ-दहा किलोमीटर. आठवडे बाजारासाठी आपली माणसे याहून अधिक चालतात. तरीही बेथलेहेमच्या ख्रिस्ती कुटुंबास पुनरुत्थानाच्या सणाला प्रभूच्या कबरीचे दर्शन घ्यावयाचे, तर इस्रायली लष्कराचा परवाना हवा. तो प्रदेश 1967 पासून इस्रायलच्या ताब्यात आहे. 2002 पासून तेथे भिंत उभी राहू लागली व 2004 साली आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ती बेकायदा असल्याचे मत दिले. पोप फ्रान्सिस यांनी 25 मे 2014 रोजी वाटेत उतरून याच भिंतीला कपाळ टेकले होते.

ही हकिकत आपणांस परदेशीची वाटते. परंतु खानदेशाने परवाना आणि कुंपण ही दोन्ही पाहिली आहेत.

1818 साली खानदेश कंपनी सरकारच्या हाती आला. कॅप्टन ब्रिग्ज पोलिटिकल एजंट झाला व धुळे त्याचे ठाणे बनले. डोंगरातील भिल्लांना नमविण्यासाठी प्रथम लष्कर पाठविले गेले, डोंगरात जाणारे धान्य अडविले गेले. पोटाला चिमटा घेऊनही ते पुरते नमले नाहीत, तेव्हा 1825 पासून धोरण पालटले: भिल्ल एजन्सी आल्या आणि औट्रमने धरणगावी भिल्ल पलटण उभारली. जमीन मिळाली हे खरे, पण त्यासोबत सरकारी दप्तरात नावनिशीही चढली. पुढे 1878 च्या जंगल कायद्याने राने राखीव झाली आणि आजा जेथे मोहाची फुले मोकळेपणी वेचीत असे, तेथे नातवास जंगल खात्याची परवानगी लागू लागली.

याहून कठोर होता तो गुन्हेगार जमातींचा कायदा. तो 1871 चा. मुंबई इलाख्यात 1911 मध्ये आला. ज्यांची पाले जळगाव-धुळ्याच्या शिवारांतही पडतात ते फासेपारधी, तसेच भामटे, कैकाडी यांना जन्मानेच संशयित ठरविण्यात आले. बोटांचे ठसे घेतले जात, पोलिसांपुढे हजेरी द्यावी लागे, मुक्काम हलविण्याआधी वर्दी द्यावी लागे. मुलांना आईबापांपासून तोडून शाळेत ठेवण्याचीही मुभा कायद्याने सरकारला दिली होती. सोलापूरच्या सेटलमेंटला तारेचे कुंपण होते. माणसे गिरणीत राबत आणि परतून हजेरी देत.

त्या सेटलमेंटचा कारभार काही काळ अमेरिकन मराठी मिशनने पाहिला. उत्तर हिंदुस्थानात सॅल्व्हेशन आर्मीने अशाच वसाहती चालविल्या. ही मंडळी आपल्या पंथाची नव्हेत, एवढे म्हणून आपल्याला हात झटकता येणार नाहीत. त्यांनी शाळा काढल्या, औषधपाणी केले, त्यांचा हेतूही बहुधा सुधारणेचाच होता. पण आत राहणाऱ्याच्या दृष्टीने कुंपणाची किल्ली ख्रिस्ताचे नाव घेणाऱ्याच्याच हाती होती.

मुंबई इलाख्यात हा कायदा 1949 साली उठला, देशभर 31 ऑगस्ट 1952 रोजी. म्हणून विमुक्त लोक तो दिवस मुक्तिदिन मानतात. 1959 मध्ये मात्र सराईत गुन्हेगारांचा कायदा आला. आजही गावाबाहेर पारध्याचे पाल पडले की त्याची खबर आधी पोलीस पाटलाकडे जाते, आणि ती देणाऱ्यांत आपल्या धर्मग्रामाचे लोकही असतात.