बागेतलं मरुत

पुण्यातल्या कमला नेहरू पार्कात किंवा वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात एक टोकदार नाकाचं लढाऊ विमान तुम्ही पाहिलं असेल. आमच्याकडचे पाहुणे त्याला हमखास ‘मिग’ म्हणतात, आणि मग मला राहवत नाही! मंडळी, ते मिग नव्हे, ते आपलं ‘मरुत’, एचएफ-२४. बंगळूरला एचएएलच्या कारखान्यात घडलेलं.

ते घडवायला १९५६ साली कुर्ट टांक हा जर्मन अभियंता भारतात आला. दुसऱ्या महायुद्धातलं प्रसिद्ध फोके-वुल्फ १९० त्याचंच. १७ जून १९६१ रोजी सुरंजन दास यांनी मरुत पहिल्यांदा उडवलं. सांगाडा आवाजाच्या दुप्पट वेगाच्या हिशोबाने आखलेला, पण ज्या जोरकस इंजिनाच्या भरवशावर तो आखला ते ब्रिटिश इंजिन शेवटपर्यंत तयारच झालं नाही. त्याच्या विकासाचा खर्च उचलायला आपण नकार दिला. शेवटी नॅट या छोट्या विमानाचीच दोन ऑर्फियस इंजिनं बसवली. नंतर ताकद वाढवायचे प्रयत्न झाले, त्यातल्याच एका चाचणीत १० जानेवारी १९७० रोजी दास यांचा मृत्यू झाला.

तरीही १४७ विमानं बांधली गेली, आणि १९७१च्या युद्धात राजस्थानच्या आघाडीवर ती लढली. १९९०पर्यंत सगळी निवृत्त झाली. बहुतेक भंगारात गेली, थोडी बागांत आणि संग्रहालयांत उरली. एक तर थेट जर्मनीत आहे, म्युनिकजवळच्या श्लाइसहाइमच्या विमान संग्रहालयात. टांक १९८३ साली म्युनिकमध्येच वारला. त्याचं भारतातलं काम त्याच्या गावाशेजारी जपलं गेलंय, हे मला फार बरं वाटतं.

मरुतला सरसकट ‘फसलेलं विमान’ म्हणतात, ते मात्र मला पटत नाही. फसलं ते इंजिन मिळवण्याचं गणित. पुढे तेजसलाही ‘कावेरी’ वेळेत मिळालं नाही, अमेरिकन इंजिन बसवावं लागलं. म्हणजे तो धडा अजून संपलेला नाही.

असो. बागेतलं विमान नुसतं पाहून हे काहीच कळत नाही, कारण बाहेरून दिसतो तो सांगाडा, आणि तो तर सुरेखच आहे! म्हणून मुलांना घेऊन गेलात तर फोटो जरूर काढा, पण एक प्रश्नही विचारा त्यांना: विमान आपलं, मग इंजिन कुणाचं?