वार लावण्यापासून महाडीबीटीपर्यंत

खानदेशातल्या, भुसावळजवळच्या वरणगावातून बारावी होऊन पुढच्या प्रवेशाला निघालेल्या मुलीच्या हातात एक प्लॅस्टिकची फाइल असते. टीसी, बोनाफाईड, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, पडताळणीचे प्रमाणपत्र किंवा निदान त्याची पावती, आधारला जोडलेले पासबुक, एखादे वर्ष वाया गेले असेल तर गॅप सर्टिफिकेट. या प्रत्येक कागदामागे सरकारची एक योजना आहे आणि त्या योजनेमागे कुणाचा तरी जुना संघर्ष. हे सगळे एकत्र जुळवून विद्यार्थ्याला पदवीपर्यंत नेणारा माणूस आपल्याकडे कधी होता, कुठे गेला आणि आता कोणत्या टेबलाशी बसतो, याचा हा मागोवा.

गरीब विद्यार्थ्याची सोय हा प्रकार महाराष्ट्रात नवा नाही. वार लावून जेवणे, माधुकरी मागणे हे त्याचे जुने रूप. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. आठवडा भरला की मुलाचे शिक्षण चालू. ताटे वाढणारी माणसे मायाळू असतील, पण ते ताट जातीच्या उंबऱ्याआत होते. कुणब्याच्या, माळ्याच्या, महाराच्या मुलाला वार लावून देणारी आळी नव्हती. रयतेच्या घामातून जमलेला महसूल वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, हे जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे बजावून सांगितले. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये कोल्हापुरात मराठा विद्यार्थ्यांचे वसतिगृह उघडले आणि पुढे एकेका समाजासाठी वसतिगृहांची रांग लावली. भाऊराव पाटलांनी त्याच्या पुढचे पाऊल टाकले. १९२४ मध्ये साताऱ्यात सुरू झालेल्या त्यांच्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुले एका पंगतीला बसत आणि शेतात, स्वयंपाकघरात राबून आपला खर्च उचलत. ‘कमवा आणि शिका’ हे आज विद्यापीठाच्या परिपत्रकात दिसते, त्याचे मूळ तिथे आहे.

खानदेशचे स्वतःचे मूळ मात्र अमळनेरात आहे. साने गुरुजी १९२४ मध्ये प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले आणि छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. मुलांच्या खोल्या झाडणे, अंथरुणे आवरणे, आजारी मुलाच्या उशाशी बसणे, ही कामे ते स्वतः करत. मुलांसाठी ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक त्यांनी चालवले, पुढे ‘विद्यार्थी’ मासिक काढले. गुरुजींची ही हकिकत आपण डोळे पाणावून सांगतो आणि तिथेच थांबतो. मला त्यातली व्यवस्था महत्त्वाची वाटते. कुणाची फी थकली, कुणाला घरून पत्र आले नाही, कुणाचे गणित कच्चे, कुणाला ताप, या चारही गोष्टी एकाच माणसाला ठाऊक होत्या आणि त्या चारही गोष्टींवर काही करण्याची मुभा त्यालाच होती. आज त्याच चार गोष्टी चार ठिकाणी नोंदलेल्या असतात. १९३० मध्ये गुरुजी नोकरी सोडून सत्याग्रहात उतरले. दोन वर्षांनी धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीता-प्रवचने त्यांनीच उतरवून घेतली. छात्रालयाची ती वर्षे थोडी, पण खानदेशातल्या शिक्षणाला त्यांनी एक माप घालून दिले.

मग कॉलेजे आली. त्याआधी पदवी म्हणजे पुणे, मुंबई किंवा नाशिक गाठणे. १९४०च्या दशकाच्या मध्यावर जळगावला मूळजी जेठा आणि अमळनेरला प्रताप कॉलेज निघाले. १९६१ मध्ये फैजपूरला धनाजी नाना महाविद्यालय उभे राहिले, त्याच फैजपूरला, जिथे १९३६ चे काँग्रेस अधिवेशन प्रथमच एका खेड्यात भरले होते.  पाठोपाठ भुसावळ आले, तालुक्यांची गावे आली. वरणगावच्या मुलाला आता घर सोडायची गरज उरली नाही. सकाळच्या एसटीने भुसावळ, दुपारी परत.

इथेच एक मोठी गोष्ट हातातून निसटली आणि तिची नोंद कुणी घेतली नाही. कॉलेज घराजवळ आले, ही समतेच्या दिशेने खानदेशातली सर्वांत मोठी उडी होती; विशेषतः मुलींसाठी. पण विद्यार्थी वसतिगृहात राहीनासा झाला, तसा त्याला चोवीस तास ओळखणारा गृहप्रमुखही गेला. चार तासांसाठी येऊन दोनची गाडी पकडणाऱ्या मुलीला कॉलेजात कोण ओळखणार? मस्टरवरचा तिचा नंबर.

त्याच काळात सरकारी मदतीचे ओघ वाढत गेले. डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना, १९४४ मध्ये, अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. पुढे ती आदिवासी विद्यार्थ्यांना लागू झाली. यशवंतराव चव्हाणांच्या काळात, १९५९ मध्ये, ईबीसी सवलत आली आणि जात कुठलीही असो, कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलांची फी माफ झाली. गावोगावचे पहिले पदवीधर या दोन सवलतींवर उभे राहिलेले आहेत. १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ निघाले आणि राम ताकवले यांच्या नेतृत्वाखाली त्याने शाळा सुटलेल्यांसाठी पूर्वतयारी अभ्यासक्रमाचे दार उघडले. गावातल्याच कॉलेजात अभ्यासकेंद्र, रविवारी वर्ग. दुकानात कामाला असलेल्या, लग्न होऊन सासरी आलेल्या कितीतरी जणांनी त्या दारातून पदवी घेतली.

१५ ऑगस्ट १९९० रोजी जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले. जळगाव, धुळे आणि आता नंदुरबार अशा तीन जिल्ह्यांची कॉलेजे पुण्याकडून त्याच्याकडे आली. २०१८ पासून ते बहिणाबाई चौधरींच्या नावाने ओळखले जाते. विद्यार्थी कल्याण विभाग, म्हणजे २०१६ च्या विद्यापीठ कायद्यानंतरचा विद्यार्थी विकास विभाग, विद्यापीठात बसतो आणि प्रत्येक कॉलेजात त्याचा एक अधिकारी असतो. हा अधिकारी म्हणजे मराठीचा, भूगोलाचा किंवा वाणिज्यचा एखादा प्राध्यापक. आपले तास सांभाळून तो कमवा-शिकाच्या मुलांची हजेरी ठेवतो, युवारंग महोत्सवाला संघ नेतो, विम्याचे कागद पाहतो. छात्रालयाच्या गृहप्रमुखाचा वारस शोधायचा तर तो हाच. पण शिष्यवृत्तीचे टेबल त्याचे नाही, ते कार्यालयातल्या लिपिकाचे. एनएसएस तिसऱ्याकडे, नॅकसाठीची आकडेवारी चौथ्याकडे.

कॉलेजाबाहेर फाटे आणखी जास्त. अनुसूचित जातींची शिष्यवृत्ती समाजकल्याणकडून, आदिवासी मुलांची यावलच्या प्रकल्प कार्यालयाकडून, ओबीसींची वेगळ्या खात्याकडून, ईबीसीची वारस असलेली राजर्षी शाहू योजना उच्च शिक्षण सहसंचालकांकडून. २०१७ मध्ये महाडीबीटी आले तेव्हा हे सगळे एका पोर्टलवर दिसू लागले आणि पैसा थेट खात्यात जाऊ लागला. मधली गळती थांबवणारा हा बदल मला मनापासून योग्य वाटतो. पण पोर्टल अर्ज एकत्र करते, अडचण एकत्र करत नाही. ‘री-अप्लाय’ असा शेरा पडला की मुलीने भुसावळला तहसीलचे सेतू केंद्र गाठायचे, पुन्हा दाखला काढायचा, पुन्हा अपलोड करायचा. तोवर मुदत संपते आणि कॉलेज फीसाठी विचारू लागते. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या घरांतल्या ठरावीक प्रवर्गांतील मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण व परीक्षा फी पूर्ण माफ झाली. केवढा मोठा निर्णय! वेळेत फाइल पूर्ण झाली तरच तो तिचा.

वरणगावात हे जास्त बोचते, कारण इथे दोन जगे शेजारी आहेत. १९६४ मध्ये आयुध निर्माणी आली. निर्माणीतल्या कामगाराच्या घरी पगाराची स्लिप असते आणि फॉर्म कुठे, कधी भरायचा हे सांगणारे शेजारी असतात. पलीकडे केळीच्या बागेत मजुरीला जाणाऱ्या आईच्या मुलीला हे सांगणारे घरात कुणी नाही. पदवीपर्यंतच्या मुलींना रेल्वेचा मासिक पास मोफत मिळतो, वरणगावला स्टेशन आहे, भुसावळ जंक्शन जवळ आहे. तरी ही सवलत माहीत नसलेल्या मुली असतात. हुशारीत त्या मागे नाहीत, माहितीत मागे आहेत.

हे दुखणे फक्त आपलेच नाही. कॅलिफोर्नियाने १९६९ मध्ये कायदा करून आपल्या कम्युनिटी कॉलेजांत वंचित विद्यार्थ्यांसाठी समुपदेशक, पुस्तके आणि मदत एका छताखाली आणली. तरी पुढे योजना वाढून विस्कटल्या आणि २०१८ मध्ये तीन वेगवेगळे निधी पुन्हा एक करावे लागले. न्यूयॉर्कच्या सरकारी कॉलेजांनी २००७ मध्ये ‘असाप’ नावाचा उपक्रम काढला. त्यात फी, पुस्तके आणि प्रवासाचा पास होताच. शिवाय मोजक्या विद्यार्थ्यांमागे एक सल्लागार होता, ज्याला विद्यार्थ्याने नियमाने भेटायचे. तीन वर्षांनी पाहणी झाली तेव्हा या उपक्रमातल्या ४० टक्के विद्यार्थ्यांनी अभ्यासक्रम पूर्ण केला होता, बाहेरच्यांपैकी २२ टक्क्यांनी. अमळनेरच्या छात्रालयात जे एका माणसाने केले, त्याचेच हे नेमून दिलेले, पगारी रूप.

आपल्याकडे पास आहे, फीमाफी आहे, शिष्यवृत्ती आहे, कमवा-शिका आहे. नाही तो पूर्णवेळ माणूस, ज्याला या कामासाठी तासांतून मोकळे केले आहे. आणि नाही ती कॉलेजा-कॉलेजांतली ओळख: कनिष्ठ महाविद्यालयातून पदवीला गेलेली, किंवा पहिल्या वर्षानंतर कॉलेज बदललेली मुलगी प्रत्येक ठिकाणी नव्याने अनोळखी होते. वरणगाव, भुसावळ, मुक्ताईनगर, फैजपूर ही गावे एसटीच्या तासाभराच्या अंतरात आहेत. इथल्या प्राचार्यांनी जूनमध्ये एकत्र बसावे, बारावी झालेल्या मुलामुलींची गाववार यादी करावी, प्रत्येक नावापुढे कोणता दाखला बाकी आहे ते लिहावे आणि ऑगस्टमध्ये त्यातले कोण कुठल्याच कॉलेजात दिसत नाही ते पाहावे. त्या नावांच्या घरी जाण्याचे काम विद्यार्थी विकास अधिकाऱ्याच्या कार्यभारात तास म्हणून धरावे. हा निर्णय विद्यापीठ पुढच्या सत्रापासून घेऊ शकते.