सरड्याचे नाव

आज मी एका सरड्याच्या नावाचा इतिहास सांगणार आहे. विषय लहान वाटेल. परंतु कुणाला कोणत्या नावाखाली मोजावे, यावर माझा अर्धा जन्म भांडण्यात गेला आहे, तेव्हा एवढी मोकळीक द्यावी.

साताऱ्याजवळ चाळकेवाडीचे पठार आहे. पावसाळ्याच्या तोंडी तेथे हा सरडा दगडावर चढतो आणि गळ्याखालचा पंखा उघडतो. निळा, काळा, नारिंगी असे तीन रंग त्यात एकदम झळकतात. हा दिमाख नराचा. मादीकडे असला पंखा नाही. या कुळातल्या सरड्यांची आणखी एक खूण म्हणजे मागच्या पायाला पाचाऐवजी चारच बोटे असतात.

१८२९ साली क्यूव्हिए या फ्रेंच पंडिताने पॉन्डिचेरीच्या नावावरून अशा एका सरड्याला 'सिताना पॉन्टिसेरियाना' हे नाव दिले. १८७० मध्ये जर्डन या इंग्रज डॉक्टराने दख्खनचा सरडा निराळा मानून त्याला 'डेक्कनेन्सिस' म्हटले. पण पुढे ते वेगळेपण टिकले नाही. दख्खनचा काय, गुजरातचा काय, सारे पॉन्डिचेरीच्या खात्यात जमा झाले. यात नुसता आळस होता असे मी म्हणणार नाही. संग्रहालयातला सरडा स्पिरिटच्या बरणीत असतो. तेथे रंग उडून जातो आणि पंखा मिटलेला राहतो. विणीचा काळ सरला की जिवंत नराचाही पंखा फिका पडतो. बरणीवरून निवाडा करणाऱ्याला तिन्ही रंग दिसावेत कसे? तरीही मस्टरवर बारा माणसांची 'बिगारी' अशी एकच नोंद केली की कारकुनाचे काम हलके होते, आणि कुणाच्या हाताला काय येते ते कळण्याची सोय बुडते, एवढे मला पक्के ठाऊक आहे.

हा गुंता २०१६ साली सुटला. वी. दीपक, वरद गिरी, प्रवीण कारंथ आदी संशोधकांनी ठिकठिकाणचे सरडे गोळा केले. त्यांची शरीरे मोजली, पंखे ताडून पाहिले आणि जनुकेही तपासली. तिन्ही साक्षी जुळल्या. मोठ्या रंगीत पंख्याचे सरडे एका निराळ्याच प्रजातीचे ठरले आणि तिला त्यांनी नाव दिले 'सरडा'! आपलाच मराठी शब्द, शास्त्राच्या लॅटिन वहीत जसाच्या तसा. जर्डनची जात तिच्यात परत आली, डार्विनच्या नावाची एक नवी जात आली आणि चाळकेवाडीचा झाला 'सरडा सुपर्बा', म्हणजे दिमाखदार.

नाव मिळाल्याने सरड्याचे काय भले झाले, असे कुणी विचारील. याच पठारावर पवनचक्क्या आहेत. मारिया ठाकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की, चक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपटीने कमी आहेत. साहजिकच सरडे वाढले आणि धीटही झाले. माणूस बराच जवळ येईपर्यंत पळेनात. पण दाटीमुळे अन्नाची ओढाताण होऊन ते रोडावले आणि नरांच्या पंख्याचे रंगही फिके पडले. पॉन्डिचेरीच्या खात्यात असता, तर देशभर पसरलेल्या एका सामान्य सरड्याची ही किरकोळ हकीकत ठरली असती. आता ती सह्याद्रीलगतच्या थोड्या मुलखात राहणाऱ्या एका जातीची हकीकत आहे, आणि पुढच्या गणतीत तिचा रकाना वेगळा धरावा लागेल.