तळटीप १२ : मेमंद

मेमंद – इराणच्या केरमान प्रांतातील, शहर-ए-बाबक जिल्ह्यातले फारसी बोलणारे डोंगराळ खेडे. त्याच नावाच्या देहेस्तानाचे मुख्य ठिकाण. देहेस्तान म्हणजे गावांचा गट. त्याच्यावर बख्श, मग शहरेस्तान आणि शेवटी ओस्तान, म्हणजे प्रांत, अशी उतरंड आहे. ‘मुख्य ठिकाण’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कचेऱ्यांची गर्दी असलेला तालुका येतो. तसे इथे काहीच नाही. गावचा कारभार देहयार पाहतो. त्याला सरपंच समजू नये, कारण त्याला गावकरी थेट मत देत नाहीत. गावाने निवडलेली शूरा, म्हणजे परिषद, त्याची निवड करते.

लेखकाने दिलेल्या लोकसंख्येकडे मात्र जपून पाहावे. इथली माणसे शेळ्या-मेंढ्यांमागे फिरणारी. वसंतात आणि शरदात त्यांचा मुक्काम कुरणांवरच्या वाड्यांत, उन्हाळ्यात मळ्याबागांत. मऊ खडकात कोरलेल्या घरांत ती परततात थंडीत. या घरांत चूल जमिनीतच असते आणि भिंती-छत काजळीने काळेभोर झालेले असते. म्हणजे प्रवाशाने कोणत्या महिन्यात डोकी मोजली, यावर आकडा ठरणार. इराणची 2006, 2011 आणि 2016 ची जनगणना शरदात झाली. त्यात तरुण शहरांकडे गेलेले, म्हणून गाव आणखी रोडावते. 2015 साली युनेस्कोने हा परिसर जागतिक वारसा ठरवला तो घरांइतकाच या ऋतुमानाच्या फिरतीसाठी. – संपा.