भीमायन
बालवाचकांना जातिभेदाचे वास्तव कसे सांगावे, या प्रश्नाचे समर्थ उत्तर म्हणजे ‘भीमायन’ हे इंग्रजी चित्रकथेचे पुस्तक. ‘नवयान’ने ते २०११ मध्ये प्रसिद्ध केले. लेखन श्रीविद्या नटराजन व एस. आनंद यांचे, तर चित्रे परधान गोंड कलावंत दुर्गाबाई व सुभाष व्याम यांची आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या आठवणींवर ते आधारलेले आहे. १९०१ मध्ये छोटा भीमराव भावंडांसह वडिलांकडे निघाला. मसूर स्थानकावर जात कळताच गाडीवानांनी नकार दिला. दुप्पट भाड्यावर तयार झालेल्यानेही गाडी मुलांनाच हाकायला लावली. वाटेत पाणीही मिळाले नाही. चित्रांत सौम्य बोल पक्ष्याच्या आकारात येतात, विखारी बोलांना विंचवाची नांगी असते. अस्पृश्यतेचा डंख मुलांना त्यातून व्याख्येविना उमगतो.