ह्युंदाई थीटा-२ इंजिन रिकॉल

ह्युंदाई थीटा-२ इंजिन रिकॉल ही दक्षिण कोरियातील ह्युंदाई मोटर कंपनी व तिची संलग्न कंपनी किआ यांनी इंजिनातील दोषामुळे मुख्यतः अमेरिकेत राबवलेली वाहने परत मागवण्याची मोहीम आहे. २०१५ मध्ये तिची सुरुवात झाली. तपासणीत निर्दोष ठरलेले इंजिन पुढेही सुरक्षित राहील का, या प्रश्नावरून वाहनधारकांनी तिच्या पुरेपणाबद्दल शंका उपस्थित केल्या.

दोषाचे स्वरूप

थीटा-२ हे चार सिलिंडरचे पेट्रोल इंजिन असून २.० व २.४ लिटर क्षमतेच्या आवृत्त्यांमध्ये ते वापरले गेले. क्रँकशाफ्ट घडवताना निघालेला धातूचा कीस तेलमार्गात शिल्लक राहिल्यास कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगला पुरेसे वंगण मिळत नाही. बेअरिंग झिजून ठोकल्यासारखा आवाज येऊ लागतो आणि अखेरीस इंजिन जाम होते. धावते वाहन अचानक बंद पडणे, तसेच काही प्रसंगी कनेक्टिंग रॉड तुटून इंजिनच्या ब्लॉकला भोक पडणे व तेल बाहेर येऊन आग लागणे, हे त्याचे धोके होत.

रिकॉलचे टप्पे

सप्टेंबर २०१५ मध्ये ह्युंदाईने २०११ व २०१२ सालच्या सुमारे ४ लाख ७० हजार सोनाटा मोटारी परत मागवल्या. मार्च २०१७ मध्ये ह्युंदाईच्या सुमारे ५ लाख ७२ हजार आणि किआच्या सुमारे ६ लाख १८ हजार वाहनांची त्यात भर पडली. त्याच वर्षी दक्षिण कोरियातही सुमारे १ लाख ७१ हजार वाहने परत मागवण्यात आली.

तपासणी व आक्षेप

या रिकॉलमध्ये सर्व इंजिने सरसकट बदलली गेली नाहीत. विक्रेत्याच्या कार्यशाळेत बेअरिंगच्या झिजेची तपासणी होई व दोष आढळल्यासच इंजिन बदलले जाई. बेअरिंगची झीज हळूहळू वाढत असल्याने अशी तपासणी त्या दिवसाची स्थिती दाखवते, पुढील हमी देत नाही, हा मुख्य आक्षेप होता. दुरुस्तीच्या दर्जाबद्दलची शंकाही निराधार नव्हती. इंजिन बदलताना उच्च दाबाची इंधननळी नीट बसवली गेली नसल्याच्या शक्यतेमुळे जानेवारी २०१९ मध्ये सुमारे १ लाख ६८ हजार वाहने पुन्हा परत मागवावी लागली.

२०१८ पासून कंपन्यांनी नॉक सेन्सरवर आधारित संगणकप्रणाली बसवण्यास आरंभ केला. बेअरिंग झिजल्याची कंपने ओळखून ती चालकाला इशारा देते व वाहनाचा वेग मर्यादित करते. मात्र ती झीज थांबवत नाही.

चौकशी, दंड व समझोता

ह्युंदाईतील अभियंता किम ग्वांग-हो यांनी २०१६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाला माहिती पुरवली. रिकॉल वेळेवर झाला का व त्याची व्याप्ती पुरेशी होती का, याची चौकशी प्रशासनाने २०१७ मध्ये सुरू केली. नोव्हेंबर २०२० च्या आदेशांनुसार १६ लाखांहून अधिक वाहनांच्या रिकॉलमधील विलंबाबद्दल ह्युंदाईला १४ कोटी व किआला ७ कोटी डॉलरचा दंड झाला. दंडाचा काही भाग सुरक्षाविषयक सुधारणांवर खर्च करण्याची, तर काही भाग अटींचा भंग झाल्यासच भरण्याची तरतूद होती. किम यांना २०२१ मध्ये २.४ कोटी डॉलरहून अधिक पारितोषिक मिळाले.

वाहनधारकांच्या सामूहिक दाव्यांतील समझोता ऑक्टोबर २०१९ मध्ये जाहीर झाला. त्यानुसार ही संगणकप्रणाली बसवून घेणाऱ्या वाहनांना बेअरिंगच्या दोषासाठी आजीवन वॉरंटी देण्यात आली. त्यामुळे तपासणीत उत्तीर्ण होऊन नंतर बिघडलेल्या इंजिनाच्या दुरुस्तीची जबाबदारीही कंपन्यांवर आली.